मोहरीला धानाच्या रोवणीचा हात लावू नका

हलक्या धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, लवकर मोकळी होते, तिथे मोहरी सरळ पेरावी. पण धान नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उभा राहिला, की पेरणी लांबते आणि फुलोरा नेमका मावा किडीच्या तावडीत सापडतो. म्हणून आमच्या पूर्व विदर्भात अशा बांध्यांसाठी मी रोपं आधीच तयार करतो. पंजाबात गोभी सरसों या मोहरीच्या प्रकाराची महिनाभराची रोपं लावतात, बिहारच्या गया भागात त्याहून कोवळी. पद्धत चांगलीच आहे. फसतो तो आपला हात.

धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, चिखलात खोचायचे, ही सवय बोटांत मुरलेली. पहिल्या वर्षी मोहरीही मी तशीच लावली. रोपं जगली, पण गुडघ्याएवढी होताच फुलावर आली. एक उपटून पाहिलं तर सोटमूळ गळासारखं वर वळलेलं, तंतुमुळं सगळी एकाच बाजूला. धानाला तंतुमुळंच असतात, तो सावरतो. मोहरीचं सोटमूळ दुमडलं की ते खोल जातच नाही. आता आदल्या संध्याकाळी वाफा भिजवतो, खुरप्याने मातीसकट रोप उचलतो आणि काडीने मुळाएवढा खोल खड्डा करून सरळ सोडतो. चिखल अजिबात नको, वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी.

दुसरी चूक दाट बियाण्याची. हजार बियांचं वजन जेमतेम 4 ते 5 ग्रॅम. मूठ सैल सुटली की वाफा गच्च होतो, रोपं उंच आणि लुळी होतात, बुंध्याशी कुजून कोलमडतात. बियाण्यात कोरडी वाळू मिसळा, गादीवाफ्यावर ओळीत टाका, आणि विरळणी करताना हात आखडू नका. ट्रेमधली रोपं उत्तमच, पण 45 बाय 15 सेंटिमीटरवर एकराला साठेक हजार रोपं लागतात, म्हणजे 98 कप्प्यांचे सहाशेवर ट्रे. लहान शेतकऱ्याला ते परवडत नाही.

वाफ्यात काळ्या माशीची अळी सकाळ-संध्याकाळ पाहा. हात लागताच ती वेटोळं करून खाली पडते. तेव्हाच वेचा.

लागवड ऊन उतरल्यावर करून हलकं पाणी द्या. बांधीत साचू देऊ नका. नांगे, म्हणजे रोप मेलेल्या रिकाम्या जागा, आठवड्यात भरावे लागतात, त्यासाठी वाफ्याचा एक कोपरा राखून ठेवा.