काट्यावरचा रिपोर्ट रखडला? इंडेक्सआधी प्लॅनरचा अंदाज बघा

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ऊसपावतीचं टेबल आहे, 50 लाख ओळींचं. गाळप जोरात आहे, काट्यावर गाड्यांची रांग लागली आहे आणि गावनिहाय रिपोर्ट मात्र नुसता फिरतोय. अशा वेळी हात आधी नव्या इंडेक्सकडे (ओळी पटकन शोधून देणाऱ्या सूचीकडे) जातो. तो जरा आवरा. क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची हे प्लॅनर हा पोस्टग्रेसचा भाग ठरवतो, आणि किती ओळी निघतील याचा अंदाज तो टेबलाच्या साठवलेल्या आकडेवारीवरून बांधतो.

क्वेरीपुढे एक्सप्लेन (अनालाइझ, बफर्स) लावून ती चालवा. यात क्वेरी खरोखर चालते, म्हणून अपडेट किंवा डिलीट असेल तर आधी बिगिन, नंतर रोलबॅक. प्लॅन सर्वांत आतल्या टप्प्यापासून वाचत या. प्रत्येक टप्प्यावर ओळींचे (rows) दोन आकडे असतात, एक अंदाजाचा आणि एक प्रत्यक्षातला. दोन्ही एका फेरीचे असतात. एकूण काम मोजायचं तर लूप्सने (फेऱ्यांच्या संख्येने) गुणा. शंभरपट तफावत जिथे पहिल्यांदा दिसते, दुखणं तिथेच. वरचा नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरं टेबल धुंडाळणारी जोडणी) हा त्याचा परिणाम. (वर लिमिट असेल तर काम मध्येच थांबतं, मग ही तफावत फसवी असू शकते.) तफावतच नसेल तर आकडेवारीला दोष देऊ नका, लॉक, डिस्क, इंडेक्स तपासा.

पहिला संशय शिळ्या आकडेवारीवर. ती अनालाइझ हा आदेश गोळा करतो (एक्सप्लेनमधला त्याच नावाचा पर्याय वेगळा), आणि ऑटोअनालाइझ म्हणजे तोच आदेश आपोआप चालणं. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये लास्ट_अनालाइझ आणि लास्ट_ऑटोअनालाइझ बघा. मूळ सेटिंगनुसार 50 अधिक 10 टक्के ओळी बदलल्याशिवाय ऑटोअनालाइझ हलत नाही, म्हणजे इथे 5,00,050 ओळी. तोवर नव्या हंगामाच्या तारखा प्लॅनरच्या हिशेबात नसल्यासारख्याच. हाताने अनालाइझ चालवा आणि या टेबलापुरता ऑटोव्हॅक्यूम_अनालाइझ_स्केल_फॅक्टर 0.01 (10 ऐवजी 1 टक्का) करा. बॅकअपमधून डेटाबेस रिस्टोअर केल्यावरही अनालाइझ विसरू नका.

आकडेवारी ताजी असूनही अंदाज चुकतो, तो बहुधा एकमेकांत गुंतलेल्या कॉलममुळे. तालुका = करवीर आणि गाव = उचगाव अशी अट घ्या. समजा करवीरच्या ओळी एक दशांश आणि उचगावच्या एक शतांश आहेत. प्लॅनर दोन्हींचा गुणाकार करतो आणि 5,000 ओळींचा अंदाज बांधतो. पण उचगाव म्हटलं की करवीर आलंच, म्हणून प्रत्यक्षात निघतात 50,000. उपाय:

क्रिएट स्टॅटिस्टिक्स गाव_तालुका (डिपेंडन्सीज, एमसीव्ही) ऑन तालुका, गाव फ्रॉम ऊसपावती;

पाठोपाठ अनालाइझ हवंच, नाहीतर ही आकडेवारी रिकामीच राहते. नुसत्या डिपेंडन्सीजवर (एका कॉलमवरून दुसरा ठरतो एवढीच नोंद) भागवलं तर शिरोळ तालुक्यातलं उचगाव अशी चुकीची जोडीही प्लॅनरला खरी वाटते. एमसीव्ही (मोस्ट कॉमन व्हॅल्यूज) प्रत्यक्षात वारंवार येणाऱ्या जोड्यांची यादी ठेवतं. ती सोय आवृत्ती 12 पासून आहे.

सभासद क्रमांकाचं दुखणं वेगळं. अनालाइझ साधारण 30,000 ओळींचाच नमुना घेतं (टार्गेट, म्हणजे आकडेवारी किती बारकाईने ठेवायची याचं सेटिंग, मुळात 100; त्याच्या 300 पट), म्हणून मोठ्या टेबलात वेगवेगळी मूल्यं खऱ्यापेक्षा कमी मोजली जातात. पीजी_स्टॅट्समधला एन_डिस्टिंक्ट (वेगवेगळ्या मूल्यांचा अंदाज) आणि काउंट डिस्टिंक्टने आलेली खरी मोजणी ताडून पाहा. खरे सभासद 25,000 असतील तर त्या कॉलमवर एन_डिस्टिंक्ट = 25000 ठरवून द्या आणि पुन्हा अनालाइझ. ऋण आकडा दिला तर तो ओळींच्या प्रमाणात धरला जातो: इथे -0.005 म्हणजेही 25,000.

अटीत कॉलमवर फंक्शन लावलं असेल, उदाहरणार्थ अपर(गाव), तर प्लॅनर सरळ दोनशेतली एक ओळ धरतो. त्या एक्स्प्रेशनवर इंडेक्स करून अनालाइझ करा.

टार्गेट वाढवायचंच तर एका कॉलमपुरतं 500 करा. सगळ्या डेटाबेसचं वाढवलं तर अनालाइझ आणि प्लॅनिंग दोन्ही जड होतात, तेही ज्या टेबलांना त्याची गरजच नाही त्यांच्यासाठी.