टॅली, पर्चेस आणि प्रोजेक्ट ट्रॅकर जोडण्याआधीची तयारी

हिशेबाची टॅली, खरेदीची सिस्टिम आणि कामाच्या प्रगतीचा प्रोजेक्ट ट्रॅकर एकमेकांना जोडायचे असतील तर सॉफ्टवेअरवाल्याला डेमोसाठी बोलावण्याआधी एक कोरा कागद घ्या. चालू साइट्सपैकी कुठलंही एक काम निवडा आणि त्याला आपल्याकडे कुठे काय नाव आहे ते लिहा. मुंबईतल्या मध्यम आकाराच्या बांधकाम कंपनीत बहुतेक वेळा असं दिसतं : प्लॅनिंगच्या एमएस प्रोजेक्टमध्ये (वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘टॉवर ए, सातवा स्लॅब’, पर्चेसच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ‘चेंबूर आरसीसी’ आणि टॅलीत नुसतं ‘चेंबूर साइट’. हे असंच ठेवून तिन्ही सिस्टिम जोडल्या तर नोंदी पळतील झरझर, पण पैसा कुठल्या कामावर गेला ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून सगळ्यात आधी तिन्हीकडे चालेल असा कामाचा एकच कोड ठरवा.

कोड फार खोल नेऊ नका. वेळापत्रकात हजारो ॲक्टिव्हिटी असतात, त्या प्रत्येकीवर खर्च टाकायला स्टोअरकीपरला वेळ नसतो; मग तो यादीतली पहिली ओळ निवडून मोकळा होतो. प्रकल्प, इमारत आणि कामाचा प्रकार (पाया, आरसीसी, वीटकाम, प्लास्टर, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल) एवढ्या तीन पायऱ्या पुरतात. टॅलीत हेच कॉस्ट सेंटर (खर्च कुठल्या कामाचा ते दाखवणारा कप्पा) म्हणून उघडा. हा कोड साइट इंजिनीअरने इंडेंट (मालाची मागणी) करतानाच टाकला पाहिजे. बिल हातात आल्यावर अकाउंट्सवाल्याने अंदाजाने टाकलेला कोड निम्म्या वेळा चुकतो आणि त्यात त्याचा दोष नसतो, कारण माल कुठल्या मजल्यावर गेला ते त्याने पाहिलेलंच नसतं. कोड नाही तर पीओ नाही, हा नियम मालकांच्या सहीने आधीच फिरवून ठेवा.

पुरवठादारांची यादी साफ करायला बसाल तेव्हा नावावरून जुळवू नका, जीएसटी क्रमांकावरून जुळवा. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची (महाराष्ट्राची 27) आणि पुढची दहा पॅनची असतात, त्यामुळे एकच व्यापारी तीन स्पेलिंगनी बसलेला असेल तर लगेच सापडतो. त्याच यादीत सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे का, हा रकाना हवाच. 2006च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. 2023-24पासून हे चुकलं तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात धरला जात नाही. दिवस मोजायचे ते माल मिळाल्यापासून, बिल अकाउंट्सच्या टेबलावर आल्यापासून नव्हे. जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) तारीख टॅलीपर्यंत पोचवण्यासाठी एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

आता एकक. इथे घाई करू नका, कारण जोडणीतली सर्वांत जास्त भांडणं इथेच होतात. स्टीलचंच घ्या. कळंबोलीच्या व्यापाऱ्याला 12 मिमीच्या 10 टन सळ्यांची पीओ गेली. काट्याच्या पावतीवर 9,960 किलो भरले. साइटवर मोजल्या तर 940 सळ्या. 12 मिमीची सळी मीटरला 0.888 किलो, म्हणजे 12 मीटरची एक सळी साधारण 10.66 किलो, या हिशेबाने झाले 10,000 किलोंपेक्षा थोडे जास्त. तिन्ही आकडे प्रामाणिक आहेत. सळीचं वजन थोडं कमीजास्त असतंच, मानकातही तशी सूट आहे. पण सिस्टिमला एकच आकडा लागतो. बिल काट्याच्या वजनावर पास करायचं, साइटवरचा वापर नगांवर मोजायचा आणि किती टक्क्यांपर्यंतचा फरक आपोआप पास व्हायचा, हे पर्चेस, स्टोअर आणि अकाउंट्स एकत्र बसून लिहून काढा. क्रश सँडची (दगड भरडून केलेल्या वाळूची) ऑर्डर ब्रासमध्ये असेल आणि डिझाइन मिक्सचा (काँक्रीटच्या ठरलेल्या मिश्रणाचा) हिशेब किलोत, तर तिथेही हेच करा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, पण त्याचं वजन ओलाव्याप्रमाणे बदलतं.

शहरात अवजड गाड्या बऱ्याचदा रात्रीच येतात. त्यामुळे जीआरएनमध्ये गेटवरची तारीख-वेळ आणि नोंद केल्याची तारीख असे दोन रकाने ठेवा. 31 मार्चच्या रात्री आलेला ट्रक कुठल्या वर्षाचा, हा वाद त्याने मिटतो.

प्रोजेक्ट ट्रॅकरकडे काय पाठवायचं? प्रत्येक कोडखाली चार वेगळे आकडे : पीओ दिलेली रक्कम, आलेल्या मालाची किंमत, आलेली बिलं आणि दिलेले पैसे. त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. खर्चावरून प्रगतीचे टक्के काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. टाइल्सचा ट्रक खाली उतरला म्हणून फ्लोअरिंग झालेलं नसतं. प्रगती इंजिनीअरच्या मोजमापावरूनच यावी. ठेकेदाराचं आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याने येणारं बिल) एकूण रकमेने ट्रॅकरला जावं. रिटेन्शन (राखून ठेवलेली रक्कम), टीडीएस आणि ॲडव्हान्सची वजावट टॅलीत राहू द्या. खर्च जीएसटीसह धरायचा की वगळून, तेही आधी ठरवा. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळणाऱ्या ठेकेदाराला तो वगळायचा असतो, 2019च्या नव्या जीएसटी दराने फ्लॅट विकणाऱ्या विकासकाला ते क्रेडिट नसल्याने धरायचा असतो.

तुम्ही विकासक असाल तर काम थोडं वाढतं. जीएसटीच्या याच 2019च्या व्यवस्थेत किमान 80 टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून लागते आणि हा हिशेब दर प्रकल्पाचा, दर आर्थिक वर्षाचा वेगळा असतो. सिमेंट नोंदणी नसलेल्याकडून घेतलं तर 80 टक्के भरलेले असूनही त्यावरचा जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के ज्यात ठेवावे लागतात, त्या खात्यातून पैसे काढताना आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. कामाचे टक्के आणि झालेला खर्च एकाच तारखेचा निघेल, अशी सोय आत्ताच मागून घ्या.

तांत्रिक बाजू त्या मानाने सोपी. टॅलीप्राइम (टॅलीची नवी आवृत्ती) एक्सएमएल स्वरूपातला डेटा घेतं, पोर्ट (डेटा आत येण्याची वाट) बहुधा 9000. पण त्या वेळी मशीन आणि कंपनी दोन्ही उघडी लागतात, म्हणून अडकलेल्या नोंदी रांगेत थांबतील आणि सकाळी कुणाला तरी दिसतील, अशी व्यवस्था हवी. टॅलीतल्या प्रत्येक व्हाउचरवर (नोंदीवर) जीआरएनचा क्रमांक राहू द्या, म्हणजे तीच नोंद दोनदा पडणार नाही. 1 एप्रिल 2023पासून कंपन्यांना बंद करता न येणारा एडिट लॉग (हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद) सक्तीचा आहे; जोडणीला स्वतंत्र युजर द्या, म्हणजे ऑडिटरला माणसाने केलेली नोंद आणि मशीनने केलेली नोंद वेगळी दिसेल.

जोडणी सुरू करायचा मुहूर्त मार्च-एप्रिलचा नको, सप्टेंबरच्या ऑडिटचा नको, गणपतीचाही नको. जुन्या अर्धवट पीओ बंद करा, चालू साइटचा आजवरचा खर्च कोडनिहाय एकरकमी चढवा, जुनी व्हाउचरं ओढत बसू नका. नवी साइट आधी घ्या आणि दोन महिनाअखेरी जुन्या पद्धतीने समांतर चालवा. चाचणी डेटाच्या कॉपीवरच करा, आणि तीही सरळ जाणाऱ्या बिलावर नको. परत पाठवलेला ट्रक, डेबिट नोट (पुरवठादाराच्या रकमेतून कपात), दर बदललेली पीओ आणि चुकीच्या कोडवर पडलेला जीआरएन, हे चारही इंडेंटपासून पेमेंटपर्यंत चालवून बघा. यातलं एक जरी हाताने दुरुस्त करावं लागलं तर तारीख पुढे ढकला.