डीआरएम ड्रायव्हर: मेमरी कोण सोडणार, हे कॉमेंटमध्ये कसं लिहावं

लिनक्स कर्नलच्या डीआरएममध्ये (ग्राफिक्स सांभाळणाऱ्या भागात) कनेक्टर, एन्कोडर, सीआरटीसी किंवा प्लेन या डिस्प्लेच्या घटकांच्या इनिट फंक्शनवर कर्नल-डॉक (ज्यातून कागदपत्रं तयार होतात ती कॉमेंट) लिहायला बसलात, तर पॅरामीटरच्या ओळी लिहायचं काम शेवटी ठेवा. आधी ठरवा, या स्ट्रक्चरचं आयुष्य कशाशी बांधलंय.

सगळा घोळ डेव्हएम_केझॅलॉक या डिव्हाइसशी बांधलेली मेमरी देणाऱ्या फंक्शनपासून सुरू होतो. ती मेमरी ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला, म्हणजे अनबाइंड झाला, की परत जाते. पण डीआरएम_डिव्हाइस (कर्नलमधलं ग्राफिक्स डिव्हाइसचं स्ट्रक्चर) शेवटचा रेफरन्स सुटेपर्यंत जिवंत असतं. यूएसबी डिस्प्ले उपटला आणि कंपोझिटरने (स्क्रीनवरच्या खिडक्या रचणाऱ्या प्रोग्रामने) कार्ड० ची, म्हणजे त्या ग्राफिक्स डिव्हाइसची, फाइल उघडीच ठेवली, तर कनेक्टर गेलेला आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी यादी शाबूत, अशी अवस्था होते. पुढे कोणी ती यादी चाळली की यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेल्या मेमरीचा वापर.

म्हणून नुसतं ‘डेव्हएम वापरू नका’ एवढं लिहून भागत नाही; कारण आणि पर्यायही तिथेच हवा. डीआरएम_कनेक्टर_इनिटच्या कॉमेंटचा आशय असा असावा: स्ट्रक्चर डेव्हएमने घेऊ नये; डिस्ट्रॉय हुकने (घटक नष्ट करताना बोलावल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनने) डीआरएम_कनेक्टर_क्लीनअप बोलवावं आणि मग मेमरी सोडावी; शक्य तिथे डीआरएमएम_कनेक्टर_इनिट वापरावं.

या डीआरएमएम आवृत्तीचा, म्हणजे डीआरएम_डिव्हाइसच्या आयुष्याशी बांधलेल्या आवृत्तीचा, नियम उलटा आहे, आणि लोक नेमके इथेच गडबडतात. मेमरी डीआरएमएम_केझॅलॉकने घ्यायची आणि डिस्ट्रॉय हुक नल ठेवायचा, कारण क्लीनअप आपोआप होतं. हे दोन्ही मुद्दे एकाच परिच्छेदात लिहा. सुटका नोंदणीच्या उलट क्रमाने होते. म्हणून अलोकेशन आधी, इनिट नंतर. एन्कोडरला डीआरएमएम_एन्कोडर_अलॉक ही दोन्ही कामं एकदम करतं, तेव्हा तिथे सरळ त्याचीच शिफारस करा.

डीपी एमएसटीचे (एका डिस्प्लेपोर्टवर अनेक स्क्रीन जोडण्याच्या पद्धतीचे) कनेक्टर मात्र वेगळे. ते मध्येच येतात-जातात आणि रेफरन्स मोजून जगतात, म्हणून डिस्ट्रॉय हुक लागतोच. हा अपवाद लिहिला नाही तर कोणीतरी ‘सुधारणा’ म्हणून तिथेही डीआरएमएम घुसडेल.

रजिस्टरांचं मॅपिंग, इंटरप्ट वगैरे हार्डवेअरच्या गोष्टी डेव्हएमवरच राहू द्या. डिव्हाइस गेल्यावर त्यांना हात लागू नये म्हणून डीआरएम_डेव्ह_एंटर आणि डीआरएम_डेव्ह_एक्झिटचा उल्लेख करा.

कॉमेंटच्या सुरुवातीला स्लॅशनंतर दोन तारे हवेत. एकच असेल तर कर्नल-डॉक ती साधी कॉमेंट समजून सोडून देतं. फंक्शनच्या नावापुढे रिकामे कंस आणि स्ट्रक्चरच्या नावाआधी अँपरसँड दिला की दुवे आपोआप तयार होतात. मग मेक एचटीएमएलडॉक्स चालवून इशारे बघा.

लिहिलेला नियम ड्रायव्हर पाळतो का, हे केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू केलेल्या कर्नलवर तपासा: कार्डची फाइल एका प्रोग्रामने उघडी धरा, सिसएफएसमधल्या अनबाइंड फाइलीत डिव्हाइसचं नाव लिहा, मग प्रोग्राम बंद करा आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, वाचा.