आदल्या रात्री कॅमेऱ्याची बॅग कशी भरावी

सप्टेंबरात कासला निघायच्या आदल्या रात्री मी पलंगावर पसारा मांडून बसले होते. दोन झूम, एक पन्नासची प्राइम (झूम न होणारी लेन्स), ट्रायपॉड, तीन फिल्टर, दोन चार्जर. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, उद्या संध्याकाळी परत येणार आहेस ना? की माहेरपणाला चाललीस?" बॅग साडेसहा किलो भरली. दुसऱ्या दिवशी पठारावर त्यातलं जेवढं बाहेर निघालं, ते दीड किलोसुद्धा नसेल.

हौशी फोटोग्राफरचे निम्मे घोळ असे आदल्या रात्री घरातच होतात. म्हणून हा लेख त्या तासाभरापुरता. उदाहरण कासचंच घेते, कारण तिथे माझ्या बहुतेक सगळ्या चुका करून झाल्या आहेत.

आधी जुने फोटो उघडा, मग बॅग

कोणती लेन्स न्यायची हे लेन्सकडे बघून ठरवायला गेलात तर रात्रीचा एक वाजेल. त्याऐवजी मागच्या तशाच सहलीचा फोल्डर उघडा. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद असते. हा लेन्सच्या फोकल लेंग्थचा आकडा: लहान असेल तर दृश्य रुंद, मोठा असेल तर लांबचं जवळ. विंडोजमध्ये फोल्डर 'डिटेल्स' स्वरूपात ठेवा, वरच्या रकान्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करा, 'मोअर'मध्ये जाऊन 'फोकल लेंग्थ' निवडा. मग त्या रकान्यावर क्लिक केलं की फोटो ओळीने लागतात. लाइटरूम हे फोटो लावायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरमध्ये हेच आकड्यांसकट मिळतं.

माझ्या फोल्डरमध्ये १८-५५ झूमचे फोटो पाहिले तर एक ढीग १८ वर, दुसरा ५५ वर, आणि मधलं रान जवळजवळ मोकळं. ५५ वर ढीग असेल तर तुम्हाला आणखी पुढे जायचं होतं आणि लेन्स संपली, असा सरळ अर्थ. १८ च्या ढिगाचा अर्थ लावताना मात्र स्वतःशी खरं बोलावं लागतं. कधी खरोखर रुंद दृश्य हवं असतं. कधी कॅमेरा सुरू केल्यावर झूमची रिंग फिरवायचा आपल्याला कंटाळा आलेला असतो. माझं दुसरं निघालं.

दोन लेन्स, तिसरी घरी

एक लेन्स कॅमेऱ्यावर, एक बॅगेत. तिसरीला मी 'लागलं-तर लेन्स' म्हणते. ती दरवेळी जाते, कधीच लागत नाही, आणि चढावर खांद्याला तेवढी बरोबर लागते. १५०-६०० सारखा मोठा झूम सुमारे दोन किलोचा असतो, म्हणजे लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या. त्यातली एक बाटली खरी नेली तर निदान पिता तरी येते.

आता कास. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत हे पठार आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा हंगाम. लोकांच्या डोळ्यांपुढे गुलाबी तेरड्याचे गालिचे असतात, म्हणून ते रुंद लेन्स घेऊन जातात. पण सीतेची आसवे हे जांभळट फूल करंगळीच्या नखाएवढं असतं, आणि गेंदाचे पांढरे गोळे शर्टाच्या बटणाएवढे. तिथे प्रश्न येतो तो किती जवळ जाता येतं याचा.

इथेच आपली एक जुनी समजूत आड येते. पन्नासची एफ १.८ (म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी) प्राइम म्हणजे 'चांगली' लेन्स आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ म्हणजे 'नुसती किट', असं मनात पक्कं बसलेलं असतं. फुलांच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. पन्नासची लेन्स साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, आणि फुलाचं चित्र सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर) खऱ्या आकाराच्या एक-पंचमांश किंवा त्याहूनही लहान पडतं. बहुतेक १८-५५ लेन्स ५५ वर लावून २५ सेंटिमीटरपर्यंत नेता येतात आणि चित्र सुमारे एक-तृतीयांश मिळतं. हे अंतर लेन्सच्या काचेपासून मोजत नाहीत, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एका वर्तुळातून आडवी रेघ गेलेली बारीक खूण दिसेल, ती सेन्सरची जागा. घरी पट्टी आणि एक रुपयाचं नाणं घेऊन हा प्रयोग करून बघा. दहा मिनिटांत कळेल कोणती लेन्स न्यायची.

पन्नासच न्यायची असेल तर एक्स्टेंशन ट्यूब घ्या. ही कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी नुसती पोकळ कडी, आत काच नसते. ट्यूबची जाडी भागिले लेन्सचे मिलिमीटर, तेवढं चित्र मोठं होतं. म्हणजे १६ मिलिमीटरची ट्यूब पन्नासवर लावली की जवळपास एक-तृतीयांशाची भर. घेताना विजेचे सोनेरी ठिपके असलेलीच घ्या. साधी स्वस्त ट्यूब लावली तर ऑटोफोकस जातो आणि बऱ्याच लेन्सवर अॅपर्चरही (प्रकाश आत घेणारं भोक लहान-मोठं करणं) हातात राहत नाही.

ट्रायपॉड मी कासला नेत नाही. फुलं जमिनीलगत, वर वारा, आणि पायवाटेवर मागे माणसांची रांग. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्हीकडून शिवायचा, आत प्लास्टिकच्या पिशवीत अर्धा किलो वाटाणे. कॅमेरा जमिनीवर टेकवायला याच्यासारखं काही नाही. प्लास्टिक विसरू नका. भिजलेल्या वाटाण्यांना तिसऱ्या दिवशी मोड येतात.

जागा बदलली की बॅग बदलते. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर, भिगवणजवळ कुंभारगावला होडीतून रोहित पक्षी बघायला जाल तेव्हा लांब झूम कॅमेऱ्यावरच राहू द्या आणि किट घरी ठेवा. पाण्याच्या तुषारांत लेन्स बदलायची नसते. होडीचा आणि सूर्योदयाचा रुंद फोटो मोबाइल काढतो.

टोप्या, हूड, फिल्टर

लेन्सची टोपी हरवत नाही असा हौशी फोटोग्राफर मला अजून भेटायचाय. उपाय एकच: एक खिसा टोपीचा. माझा कुर्त्याचा डावा. त्यात किल्ल्या नाहीत, सुटे पैसे नाहीत, टोपीच. नवी घ्यायची वेळ आलीच तर टोपीच्या आतल्या बाजूला किंवा लेन्सच्या कडेवर तिरपी रेघ मारलेलं वर्तुळ आणि पुढे ५२, ५५, ५८, ६७ असा आकडा असतो. तो व्यास. लेन्सवरचा १८-५५ हा आकडा दुकानात सांगून टोपी मिळत नाही, हे मी काउंटरवर उभी राहून शिकले.

हूड (लेन्सच्या पुढे लावायची ऊन अडवणारी कड) उलटा लावून फोटो काढू नका. उलटा हूड बॅगेत जागा वाचवायला असतो. तसाच ठेवून फोटो काढणारे प्रत्येक सहलीत दोघे-तिघे असतात. त्याने ऊन अडत नाही, उलट झूमची रिंगच झाकली जाते.

यूव्ही फिल्टर लावावा की नाही यावर दोन मित्रांत चहाचे तीन कप होतात. डिजिटल कॅमेऱ्याला त्याची प्रकाशासाठी गरज नाही. तो काच वाचवायला. चिखल, खारा वारा, लहान मुलं असतील तिथे लावा. रात्री दिवे फ्रेममध्ये असतील तेव्हा काढा, नाहीतर दिव्यांची भुतं उमटतात. कासला मी पोलरायझर नेते. तो फिरवला की ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि हिरवा रंग गडद दिसतो. बदल्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). प्रत्येक लेन्सला वेगळा पोलरायझर घेऊ नका. सगळ्यांत मोठ्या व्यासाचा एक घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा.

बॅटरी आणि कार्ड

दोन बॅटऱ्या असतील तर भरलेली कोणती हे पठारावर आठवत नाही. भरलेलीला रबरबँड लावा. वापरली की रबर मनगटावर. बस.

कार्डाबाबत माझी फजिती सांगते. एका वर्षी कासला पोचले, धुकं उतरलेलं, तेरड्यावर पाणी. अर्ध्या तासात चाळीसएक फोटो काढले. मागच्या पडद्यावर प्रत्येक फोटो दिसत होता. मग सहज मागचे बघायला गेले तर कॅमेऱ्यात एकच, तोही थोड्या वेळाने नाहीसा. कार्ड घरी लॅपटॉपच्या खाचेत होतं. कॅमेरा इतका वेळ कार्डाशिवाय नुसता टकटक करत होता.

कार्ड नसतानाही शटर चालू द्यायचं, अशी सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. दुकानात नमुना दाखवायला ती बरी. मेनूत 'रिलीज शटर विदाउट कार्ड' सापडलं तर ते बंद करा. 'स्लॉट एम्प्टी रिलीज लॉक' असेल तर तो लॉक चालू करा. हे काम आज रात्रीच करा, बाकीचा लेख उद्या वाचला तरी चालेल.

कार्ड रिकामं करायचा क्रम असा: आधी फोटो दोन ठिकाणी उतरवा, उघडून खात्री करा, मग कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कार्ड लिहून घेत नसेल तर घाबरण्याआधी त्याच्या कडेची बारीक सरकपट्टी बघा, ती 'लॉक'कडे सरकलेली असते. आणि चुकून फोटो पुसले गेलेच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. तोवर ते परत मिळवता येण्याची आशा असते.

कॅमेरा जागेवर आणा

मागच्या वेळी आकाशकंदील काढताना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० वर नेलेला असतो, एक्स्पोजर (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे दोनवर असतं, लेन्सची कळ मॅन्युअल फोकसवर. सकाळच्या उन्हात पहिले वीस फोटो याच भांडवलावर निघतात. म्हणून झोपण्याआधी आयएसओ ऑटो, एक्स्पोजर शून्य, फोकस ऑटो, टायमर बंद. चाकावर सी किंवा यू अशी अक्षरं असतील तर तुमची नेहमीची मांडणी तिथे एकदा जतन करा, पुढच्या वेळी चाक फिरवलं की झालं.

आणखी एक. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक चिमुकलं चाक असतं, आपल्या नजरेच्या नंबराप्रमाणे फिरवायचं. बॅगेतून काढता-घालता ते फिरतं. मला एकदा होडीत सगळंच धूसर दिसायला लागलं, तेव्हा लेन्स पडली-बिडली असं वाटून पोटात गोळा आला होता. फोटो मात्र स्वच्छ येत होते. तपासायची रीत सोपी: बाहेरचं दृश्य बघू नका, व्ह्यूफाइंडरमधले आकडे बघा. आकडे धारदार दिसेपर्यंत चाक फिरवा.

पाऊस धरून चाला

एक मोठी प्लास्टिकची पिशवी, एक सुती पंचा, एक ब्लोअर (हवा फुंकणारा रबरी फुगा). लेन्सवर कण असेल तर आधी ब्लोअरने उडवा, मग कापड. ओढणीने आधी पुसलंत तर तोच कण काचेवर रेघ ओढतो. गाडीत एसी असेल तर पोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बंद करा. थंडगार लेन्स दमट हवेत आली की बाष्प धरते, आणि ते पुसून जात नाही. लेन्स कोमट व्हायची वाट बघावी लागते.

परत आल्यावर

कितीही दमलात तरी कॅमेरा बॅगेत झोपवू नका. बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो आणि पावसाळ्यात लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती एकदा आत गेली की घरी निघत नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक, एवढं पुरतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ६० च्या वर बुरशीला मोकळं रान, आणि फार खाली नेणंही लेन्सच्या वंगणाला बरं नाही. तांदळाचा डबा नको, पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत. सिलिका जेल नारिंगी दाण्यांचं घ्या, ओल शोषली की ते हिरवं होतं. ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर तास-दीड तास ठेवलं की पुन्हा नारिंगी. निळे दाणे कोबाल्टचे असतात, ते स्वयंपाकघरात तापवू नका.

शेवटी कार्ड. लॅपटॉपमध्ये घालायला काढलं की कॅमेऱ्याचं कार्डाचं दार मी उघडंच ठेवते, कार्ड परत जाईपर्यंत. उघडं दार बॅग भरताना दिसतंच. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे मोडलंय का गं? आता नवा घेणार असशील."