केक गच्च होत होता; दोष मैद्याच्या कपात निघाला

केक वरून तडकायचा, आत गच्च राहायचा. बेकिंग पावडर नवी आणली, ओव्हन दहा अंशांनी उतरवला, फरक शून्य. तीन केक वाया गेल्यावर अक्षरशः वैतागले.

मग मैदा मोजायचा तोच कप वजनकाट्यावर ठेवला. डब्यात खुपसून भरलेला मैदा १४८ ग्रॅम. चमच्याने हलकेच भरून सुरीच्या पाठीने सपाट केलेला १२२! अमेरिकन कृतीत कपभर मैदा साधारण १२० ग्रॅम धरतात.

आता काट्यावर रिकामं पातेलं ठेवून शून्य करते. अर्धा कप बटर, ११३ ग्रॅम. पुन्हा शून्य. कपभर साखर, २०० ग्रॅम. दोन्ही फेसून अंडी, दूध. मैदा वेगळ्या भांड्यात: दीड कपाचे १८० ग्रॅम. बेकिंग पावडर मात्र चमच्यानेच. घरचा काटा एक-दोन ग्रॅमला दाद देत नाही.