डीसीएसमधली कॅरिअर स्ट्राइक : वेळ उलटी मोजली आणि मिशन जमलं

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेमच्या मिशन एडिटरमध्ये कॅरिअरवरून, म्हणजे विमानवाहू जहाजावरून, हॉर्नेट (एफ/ए-१८) लढाऊ विमानांची स्ट्राइक, म्हणजे जमिनीवरच्या टार्गेटवरचा हल्ला, बसवत होतो. अडचण अशी की शत्रूच्या रडारवर हार्म (रडार उडवणारी क्षेपणास्त्रं) सोडणारी जोडी आणि बाँबवाली जोडी टार्गेटवर एकदमच पोचायची, आणि परतताना एआय विंगमनचं (संगणक उडवतो त्या सोबतच्या विमानाचं) इंधन वाटेतच संपायचं.

उपाय निघाला तो वेळ मागून मोजल्यावर. बाँब पडायची वेळ १०:०० धरली, हार्मची ०९:५७. टार्गेटआधीच्या वेपॉइंटवर (मार्गातल्या ठरावीक बिंदूवर) वेळ लॉक केली की एडिटर वेग स्वतः काढतो. तिथून मागे येत उड्डाणाची वेळ ठरवली. डेकवरून विमानं एकामागून एक सुटतात, म्हणून पहिल्याला घिरट्या घालायला अवधी हवाच. हार्मवाल्यांना आधी कॅटापल्ट (डेकवरून विमान फेकणारं यंत्र) दिलं.

इंधनाचं खरं कोडं मात्र जहाजात होतं. २० नॉटने (ताशी २० सागरी मैलांनी) चालणारी कॅरिअर दीड तासात ३० सागरी मैल सरकते! परतीचा शेवटचा वेपॉइंट उड्डाणाच्या जागी ठेवून चालतच नाही. म्हणून जहाजाचा मार्ग असा आखला की उतरायच्या वेळी ते वाऱ्याला तोंड करून, टार्गेटच्या बाजूला आलेलं असेल. वाटेत एस-३बी टँकर (हवेतच इंधन देणारं विमान) ठेवला.

एक गोष्ट आवर्जून तपासा : हॉर्नेटचं उतरतानाचं वजन ३४,००० पौंडांच्या आत हवं. न टाकलेले बाँब परत आणायचे असतील तर टँकरवर टाकी गच्च भरून घेऊ नका.