आउटबोर्ड मशीन स्लोवर बंद पडतंय? स्क्रू पिळण्याआधी या चुका टाळा

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की किनाऱ्यावर सगळीकडे हीच तक्रार ऐकू येते. होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड मशीन सुरू होतं, रेस दिली की छान पळतं, पण जेटीजवळ थ्रॉटल कमी करून स्लोवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर आणलं की धडधडतं, आचके देतं आणि ऐन वळणावर बंद पडतं. मशीन जुनं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं. मालक काय करतो? कव्हर काढतो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन स्लो वाढवतो.

बिघाड तसाच राहतो, फक्त ऐकू येईनासा होतो. वर आणखी एक नुकसान होतं. आउटबोर्डला गाडीसारखा क्लच नसतो. खालच्या गिअरपेटीत दातांची गुटी फिरत्या गिअरमध्ये सरळ जाऊन अडकते. स्लो जास्त ठेवून गिअर टाकला की खाडकन आवाज येतो आणि दर वेळी त्या दातांच्या कडा झिजतात. पुढे मशीन जोर दिल्यावर गिअर सोडायला लागतं. तो खर्च कार्बोरेटर साफ करण्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून स्क्रूचा नंबर शेवटचा.

जुनं पेट्रोल ‘चालतंय की’ म्हणून वापरणं

स्लोवर मशीन ज्या वाटेने पेट्रोल घेतं, ती वाट कार्बोरेटरमधली सगळ्यात बारीक असते. जून-जुलैत मशीन पडून राहिलं, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलं की खाली चिकट थर उरतो आणि आधी हीच वाट बुजते. रेसवर पेट्रोल देणारा मोठा जेट (पितळी भोक) उघडा असतो, म्हणून रेसवर काहीच जाणवत नाही. ‘फुल्ल रेसला मस्त चालतं म्हणजे कार्बोरेटर ठीक आहे’ हा निष्कर्ष त्यामुळेच फसवा आहे.

त्यात आता पंपावर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, आणि कोकणातल्या पावसात ओलाव्याला काय तोटा! पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. नळीचं तोंडही तिथेच असतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, म्हणजे मशीनच्या पोटात जाते ती तळाची, ऑइल जवळजवळ नसलेली पातळ खिचडी. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल मशीनला देऊ नका. टाकी रिकामी करून पुसून घ्या. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने आतून सुटतात, आणि त्याचा काळा चुरा फिल्टरमध्ये सापडतो.

केरोसीनवर चालणाऱ्या मशीनची गोष्ट थोडी वेगळी. ते पेट्रोलवर सुरू करायचं, तापल्यावर केरोसीनवर घ्यायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. ही शेवटची पायरी घाईत राहते, वाटीत केरोसीन उरतं आणि सकाळी प्लग ओले. साध्या पेट्रोल मशीनमध्ये स्वस्त पडतं म्हणून केरोसीन मिसळणाऱ्यांनी स्लोची तक्रार करूच नये.

ऑइल ‘अंदाजाने’ आणि चार थेंब जास्त

पेट्रोल-ऑइल 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल, दहा लिटरला 200. तुमच्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत असतं. तेच मापाने घाला. जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी, असं होत नाही. प्लग काळे होतात, स्लोवर एक सिलिंडर मधूनच गप्प बसतो. शिवाय ऑइल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी येतं. स्कूटरचं टू-टी ऑइलही नको. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि जळल्यावर राख सोडतं. आउटबोर्डसाठी डब्यावर टीसी-डब्ल्यू 3 लिहिलेलं ऑइल घ्या.

बल्बकडे दुर्लक्ष

टाकी आणि मशीन यांच्यामधला हाताने दाबायचा रबरी बल्ब हा फुकटचा मेकॅनिक आहे. मशीन स्लोवर डगमगत असताना तो हलकेच दाबत राहा. मशीन सुधारलं तर पेट्रोल कमी पोचतंय: मशीनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा, फिल्टर किंवा नळीचा सांधा बघा. उलट आणखी घुसमटलं तर पेट्रोल जास्त होतंय. वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही. बल्ब चपटा होऊन तसाच राहत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे का ते आधी बघा. हसू नका, निम्म्या वेळा तेवढंच असतं.

चोकही असाच बोलका. तापलेल्या मशीनला किंचित चोक दिल्यावर ते सुरळीत चालत असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जादा हवा आत जातेय. कार्बोरेटरमागच्या गॅस्केटला भेग असली तरी असंच होतं.

चालू मशीनवर प्लगची टोपी उपटणं

कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधायला हा प्रकार सर्रास चालतो. झटका बसतो तो बसतो, पण ठिणगीला जायला वाट न मिळाल्याने कॉइल किंवा ठिणगी पाडणारं सीडीआय युनिट जळू शकतं. जुन्या मशीनचं ते मिळायला किती हिंडावं लागतं हे ज्याचं जळलंय त्याला विचारा. स्पार्क टेस्टर वापरा, आणि तो बॉडीला नीट अर्थ करून प्लगच्या भोकापासून लांब ठेवा. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते.

दोन्ही प्लग काढून शेजारी-शेजारी ठेवा. एक तपकिरी कोरडा आणि दुसरा काळा ओला, म्हणजे बिघाड त्या दुसऱ्या सिलिंडरकडे आहे. पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर टाकीतलं पाणी, नाहीतर हेड गॅस्केट. बसतो म्हणून मोटरसायकलचा प्लग लावू नका.

जेटमध्ये तार घालणं

पितळेच्या जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं. तारेने ते खरवडलं की मोठं होतं, मग ते मशीन कधीच नीट स्लो धरत नाही. कार्ब क्लीनर मारा, भिजू द्या, मग हवेच्या दाबाने फुंका. थ्रॉटलच्या पातीजवळ दोन-तीन अतिशय बारीक भोकं असतात, फवारा तिथून पलीकडे निघाला पाहिजे. वाटीत पांढरी पूड दिसली तर पाणी बराच काळ मुक्कामाला होतं असं समजा. क्लीनर रबरी भागांवर मारू नका.

पिंपातल्या आवाजावर विश्वास

घरी पाणी भरलेल्या पिंपात मशीन चालवलं की धूर तिथेच कोंडतो आणि तोच परत कार्बोरेटरमध्ये ओढला जातो. चांगलं मशीनही अशा वेळी डगमगतं. मशीन सुरू होतं का आणि पाणी फेकतं का, एवढं बघायला पिंप ठीक. कोरडं तर एक क्षणही चालवू नका, मशीन थंड ठेवायला पाणी ओढणारा इंपेलर जाईल.

गिअरमध्ये टाकल्यावरच बंद पडत असेल तर मशीन बंद करून पंख्यामागे बघा. जाळ्याचा तुकडा किंवा नायलॉनचा तंगूस गुंडाळलेला असतो.

एवढं करूनही फरक नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. दोन सिलिंडरमध्ये 10-15 टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही. कार्बोरेटरच्या तोंडातून स्लोवर पेट्रोलचा फवारा बाहेर थुंकला जात असेल तर मिश्रण मागे फिरू न देणाऱ्या रीड व्हॉल्व्हची पाती तुटलेली किंवा उघडी राहिलेली असते. ही दोन्ही कामं जाणत्याकडे द्या.

आता स्क्रू. होडी पाण्यात, दोरीने घट्ट बांधलेली, मशीन दहा मिनिटं चाललेलं, गिअर पुढे. मिश्रणाचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू आधी कुठे होता ते फेरे मोजून लिहून ठेवा. आत नेताना टेकला की थांबा, आवळला तर टोकाला खाच पडते. पुस्तिकेतल्या फेऱ्यांवर आणून पाव-पाव फेरा फिरवा आणि दर वेळी थोडं थांबा, टू-स्ट्रोक लगेच उत्तर देत नाही. मिश्रण जुळल्यावरच स्लोचा स्क्रू, तोही पुस्तिकेतल्या आरपीएमपुरता. मग न्यूट्रलमधून गिअर टाकून बघा. खाडकन आवाज आला तर स्लो अजून उतरवा.